नसलेला ‘र’ येतो कुठून?

लंडनचा वृत्तनिवेदक ‘कार’ म्हणताना ‘का’वरच थांबतो, ‘र’ गिळून टाकतो. पुढे स्वर आला की तोच ‘र’ परत येतो: ‘द कार इज’. इथवर कुणाची तक्रार नाही. ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉरँड ऑर्डर’ झालं की मात्र शुद्धतावादी खवळतात. ‘लॉ’च्या स्पेलिंगमध्ये ‘र’ नाहीच, हा निव्वळ गचाळपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. गचाळपणा कुठेही होतो. हा ‘र’ मात्र ‘आ’, ‘ऑ’, ‘अ’ अशाच स्वरांनंतर उमटतो. ‘सी’ किंवा ‘टू’नंतर नाही, तिथे ‘य’ आणि ‘व’ सांधा जुळवतात. स्कॉटलंडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘र’ शाबूत आहे, आणि तिथे हा आगंतुक सहसा ऐकूही येत नाही. म्हणजे ‘र’ गळाल्यामुळेच तो आला. ‘पाहिलं’ या अर्थाचं ‘सॉ’ आणि ‘दुखरं’ या अर्थाचं ‘सोअर’ लंडनच्या कानाला एकच झाले. मग जीभ त्यांना वेगळं का वागवील? आणि स्पेलिंगचं म्हणाल, तर मूल त्याआधीच बोलायला शिकतं.

आपल्याकडेही ‘निः’ आणि ‘आशा’ मिळून ‘निराशा’ होते. मुळात तो उपसर्ग ‘निस्’, त्यात ‘र’ नव्हताच. शाळेत आपण तो विसर्गसंधी म्हणून पाठ करतो.