प्रादेशिक सेनेतला जवान आणि त्याची नोकरी

अहिल्यानगरला लष्कराचे नवल नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई, सगळे इथेच आहे. तरी टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, म्हटले की घोळ होतोच. कुणी तिला एनसीसीची पुढची पायरी समजतो, कुणी अग्निवीरांच्या रांगेत बसवतो. अग्निवीर चार वर्षे पूर्णवेळ सैनिक असतो. प्रादेशिक सेनेतला जवान मात्र आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षणाला जातो आणि बोलावणे आले की कर्तव्यावर हजर होतो. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुण्यात (101) आणि कोल्हापुरात (109) आहेत. हे बोलावणे केवळ कागदावरचे नाही. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला पाचारण करण्याचे अधिकार दिले, आणि 32 पायदळ बटालियनपैकी 14 तैनात करण्याची तरतूद केली.

मग नोकरीचे काय? ‘गेलास की परत घेणार नाही’ ही धमकी आणि ‘कायदा सरकारी नोकरांपुरताच आहे’ ही समजूत, दोन्ही चुकीच्या. प्रादेशिक सेना अधिनियम, 1948 चे कलम 7-अ ‘प्रत्येक मालका’वर दुहेरी कर्तव्य टाकते: लागेल तेवढी रजा देणे, आणि सेवा संपली की माणसाला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे. नागापूर एमआयडीसीतला वर्कशॉपवालाही त्यातून सुटत नाही. ‘कामावर परत घ्यायचा प्रश्नच नको’ म्हणून बोलावणे येण्याआधीच माणूस काढून टाकायचा, ही चतुराईही कायद्याने ओळखली आहे. जबाबदारी टाळण्यासाठी काढले असे दिसले, तर ती मालकाच्या अंगावर राहतेच. भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजनांतले हक्कही कलम 7-ब खाली जपले जातात.

मालकांचा आक्षेप मात्र उडवून लावण्याजोगा नाही. ऐन गळीत हंगामात साखर कारखान्याचा बॉयलर अटेंडंट दोन महिने गेला, तर त्याच्या जागी तयार माणूस कुठून आणायचा? पाच-सहा कामगारांच्या छोट्या युनिटला तर एक हात कमी होणे जास्तच जड जाते. कायद्याला ही अडचण मान्य आहे, म्हणूनच परत घेणे खरोखर अशक्य असेल तर मालक विहित प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. प्राधिकरण चौकशी करून त्याला सूट देऊ शकते, कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते किंवा भरपाई ठरवू शकते. म्हणजे अडचण खरी असेल तर वाट आहे; फक्त ती परस्पर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणण्याची नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घातक आहे: कायदा पाठीशी आहे, आता चिंता नको. प्राधिकरण ठरवेल ती भरपाई जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी, आणि आदेश न पाळणाऱ्या मालकाला दंड एक हजार रुपयांपर्यंत. कर्तव्य भक्कम लिहिलेले, शिक्षा अगदीच हलकी. मोठ्या कंपनीला या दंडाची भीती वाटेल असे म्हणणे धाडसाचेच. त्यावर ‘मग कायद्याचा उपयोग काय’ असे कुणी विचारेल. उपयोग आहे, कारण बहुतेक वाद न्यायालयात जाण्याआधीच मिटायचे असतात, आणि कलम दाखवले की बोलण्याचा सूर बदलतो. पण त्यासाठी जवानाची बाजू कागदावर हवी. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत कामावर घेण्याची मागणी केली नाही, तर तोच मालकाचा बचाव ठरतो. तोंडी ‘साहेबांना सांगितलंय’ हे सिद्ध करणे कठीण. म्हणून जाताना बोलावण्याच्या पत्राची प्रत एचआरकडे द्या, परतल्यावर लगेच लेखी अर्ज करा आणि त्याची शिक्का-तारखेसह पोच घ्या.