वाडा आपला, जोडणी परक्याची

पूर्वीं कुलवृत्तान्त छापावयाचा म्हणजे वर्गणी, छापखाना आणि मुद्रितें तपासणारा एखादा चिकाटीचा गृहस्थ, इतकी सिद्धता लागत असे. हल्लीं घरांतील कॉलेजांत जाणारीं मुलें तेंच कार्य थोड्या दिवसांत उरकतात आणि कुळाचें संकेतस्थळ उभें राहतें. ही गोष्ट स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु अशा स्थळास ज्या जोडण्या लावतात, त्यांविषयीं घरांतील वडीलधाऱ्यांनींही थोडी माहिती करून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

स्थळाचा मजकूर निराळा, त्याची ठेवण निराळी. परभणी जिल्ह्याचें शासकीय संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या व्यवस्थेवर उभें आहे. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचें स्थळही त्याच व्यवस्थेवर आहे. त्यामुळें दोहोंच्या ठेवणींत साम्य आढळतें. परंतु परभणीचे नऊ तालुके परभणीच्या पानांवर आणि हिंगोलीचे पांच हिंगोलीच्या. या ठेवणीस ‘थीम’ म्हणतात. ती बदलली तरी मजकूर जागचा हलत नाहीं. वाड्यास नवा रंग दिल्यानें देवघर कोठें जात नाहीं, तसेंच हें.

दुसरी जोडणी ‘प्लगइन’ची. २००३ सालीं निघालेल्या ‘वर्डप्रेस’ या प्रणालींत २००४ मध्यें प्लगइनची व २००५ मध्यें थीमची सोय झाली. छायाचित्रांचा संग्रह, शोधाची सोय, वाचकांनीं भरावयाचा अर्ज, असें एकेक काम एकेक प्लगइन करतो. पुष्कळसे फुकट मिळतात, आणि मोह पडतो तो येथेंच. कारण बसविलेल्या प्लगइनला बहुधा साऱ्या स्थळांत वावर असतो. तो ओसरीवरचा पाहुणा नव्हे. किल्ल्यांचा जुडगा हातीं दिलेला कारभारी आहे.

२०१७ सालचें उदाहरण घ्या. ‘डिस्प्ले विजेट्स’ नांवाचा प्लगइन सुमारें दोन लाख स्थळांवर होता. मूळ कर्त्यानें तो विकला आणि नव्या मालकानें सुधारणेच्या मिषानें त्यांत चोरदार ठेवलें. त्यांतून परक्या जाहिरातींचा मजकूर त्या स्थळांवर झळकूं लागला. पण स्थळाचा चालक स्वतः आंत शिरून पाही तेव्हां त्यास तो दिसत नसे! घरधन्यास न कळतां त्याच्याच ओट्यावर परक्यानें दुकान मांडावें, तसा हा प्रकार होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वर्डप्रेसच्या संग्रहांतून तो प्लगइन काढून टाकण्यांत आला.

कुळाच्या स्थळावर जन्मतारखा, पत्ते, दूरध्वनी, लेकीसुनांचीं नांवें असतात. म्हणून कांहीं पथ्यें पाळावींत. नड असेल तोच प्लगइन घ्यावा आणि तो प्रणालीच्या अधिकृत संग्रहांतून घ्यावा. विकत घ्यावयाच्या थीमची चोरटी प्रत फुकट मिळते म्हणून उचलूं नये. कर्त्यानें अलीकडे त्यांत सुधारणा केली आहे कीं नाहीं, तें पाहावें. सुधारणा येतांच लावावी. तत्पूर्वीं साऱ्या स्थळाची प्रत काढून अन्यत्र ठेवावी. निरुपयोगी झालेला प्लगइन नुसता बंद न करतां काढून टाकावा. आणि आप्तांपुरती असलेली माहिती साऱ्या जगासाठीं मांडूंच नये, हें उत्तम.

थीम निवडतांना मराठी मजकूर घालून पाहावा. इंग्रजीसाठीं रचलेल्या कांहीं थीममध्यें अक्षरांत अंतर सोडलेलें असतें. त्यानें आपली शिरोरेषा तुटते. ओळी फार जवळ असल्या तर वेलांट्या व उकार छाटले जातात.

हें काम एकट्या मुलावर सोंपवूं नये. तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला कीं, परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. घरांतील दोघांना तरी तो ठाऊक असावा आणि महिन्यांतून एक दिवस स्थळाची पाहणी करण्याचा परिपाठ असावा. वाडवडिलांची वही आपण जशी कुलूपबंद पेटींत जपली, तीच काळजी या नव्या वहीचीही घेतली पाहिजे.