कागदाच्या नळ्या आणि कुडाच्या भिंती

कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेच्या रोखाने निघालेला महामार्ग जेथून नंदुरबारकडे एक फाटा सोडतो, त्या नवापूर तालुक्यातील विसरवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर आजही अशी घरे आढळतात, की ज्यांच्या भिंतींत वीट नाही, सिमेंट नाही आणि सरकारी दप्तरात ज्यांची संभावना ‘कच्चे’ एवढ्या एका शब्दात आटोपते. लाकडाच्या मेढी, त्यांवर आढे, आढ्यावरून उतरलेले वासे, बांबू उभा चिरून काढलेल्या कामट्यांचा विणलेला कूड, त्याला शेणामातीचे लिंपण आणि वर कौले, एवढाच काय तो सारा सरंजाम. या घराकडे पाहण्याची आपली सुशिक्षितांची दृष्टी किती उतावळी आहे हे ज्याला उमजून घ्यायचे असेल, त्याने शिगेरू बान या जपानी वास्तुकाराच्या कार्याचा परिचय अवश्य करून घ्यावा. कारण जगभर कीर्ती पसरलेल्या या गृहस्थांनी आपली बुद्धी ज्या द्रव्यावर खर्च केली, ते कुडाहूनही कच्चे, म्हणजे निव्वळ कागद आहे.

बान यांचा जन्म १९५७ साली टोकियोत झाला. घराच्या डागडुजीला वारंवार सुतार येत. त्यांची हत्यारे न्याहाळीत आणि त्यांनी टाकून दिलेल्या लाकडाच्या तुकड्यांशी खेळत हा मुलगा वाढला, आणि आपणही सुतारच व्हावे हीच त्याची पहिली आकांक्षा होती. पुढे अमेरिकेत, प्रथम कॅलिफोर्नियात व नंतर न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या विद्यालयात, शिक्षण झाले. मध्यंतरी आराता इसोझाकी या थोर वास्तुकाराच्या कचेरीत थोडी उमेदवारी घडली. आणि १९८५ मध्ये अनुभवाची फारशी शिदोरी गाठी नसताना त्यांनी टोकियोत स्वतःचा व्यवसाय थाटला.

कागदाचा शोध लागला तो निकडीतून. १९८६ साली आल्वार आल्तो या फिनलंडच्या वास्तुकाराच्या कृतींचे प्रदर्शन टोकियोत भरावयाचे होते व त्याची मांडणी बान यांच्याकडे होती. आल्तोच्या वास्तूंना साजेल असे लाकूड वापरावे तर खर्च परवडेना, शिवाय चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी एवढे लाकूड वाया घालविणे त्यांच्या मनास पटेना. कागद व कापड गुंडाळून येते त्या पुठ्ठ्याच्या नळ्या कचेरीत पडून होत्या; त्यांच्याकडे दृष्टी गेली आणि छत व पडद्या त्यांच्याच उभ्या राहिल्या. रद्दीपासून पुन्हा केलेल्या कागदाच्या पट्ट्या गोंद लावून मळसूत्री गुंडाळीत नेल्या की ही नळी तयार होते. हवी तेवढी लांब, हव्या तेवढ्या जाडीची, वर रोगण चढविल्यास पाण्यालाही दाद न देणारी. तथापि सरकारदरबारी कागदाला खांब म्हणून मान्यता कोण देणार? बान यांनी नळ्यांच्या शास्त्रशुद्ध चाचण्या करविल्या, जपानी बांधकाम कायद्याखाली मंजुरी मिळविली, आणि १९९५ मध्ये यामानाका सरोवराकाठी कागदी खांबांवर छप्पर तोललेले घर उभे केले.

पण बान यांचे खरे मोठेपण तेथे नाही. १९९४ मध्ये रुआंडातील यादवीने परागंदा झालेले निर्वासित पावसात कांबळ्यांत कुडकुडत बसल्याची छायाचित्रे पाहून ते आपण होऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीत गेले. तेथे एक विलक्षण पेच पडलेला होता. तंबूसाठी अ‍ॅल्युमिनियमचे दांडे द्यावेत, तर निर्वासित ते विकून पैसा करीत आणि आडोशासाठी रानातली झाडे तोडीत. बान यांनी दांड्यांऐवजी कागदाची नळी सुचविली. तिला बाजारात गिऱ्हाईक नाही, हीच तिची थोरवी ठरली! जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या आमच्या नवापूर तालुक्यातील माणसाला या युक्तीतील मर्म सांगावे लागणार नाही.

पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९९५ रोजी, कोबे शहर भूकंपाने हादरले. तेथे व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती होती, आणि ती सरकारी छावणीपासून दूर, उद्यानांत ताडपत्रीखाली दिवस कंठीत होती. बान यांनी बीअरच्या रिकाम्या क्रेटींत वाळूच्या पिशव्या भरून जोते केले, त्यावर अवघ्या चार मिलिमीटर जाडीच्या नळ्यांच्या भिंती रचल्या आणि वर तंबूचे कापड ताणले. बांधणारे हात बहुतेक स्वयंसेवक विद्यार्थ्यांचे. जळून गेलेल्या चर्चच्या जागी ५८ कागदी नळ्यांचे लंबवर्तुळाकार प्रार्थनामंदिर त्यांनी उभारले. ते तात्पुरते म्हणून बांधलेले असता दहा वर्षे टिकले, आणि पुढे सुटे करून तैवानातील भूकंपग्रस्त मुलुखात नेऊन पुन्हा उभे केले गेले. लोकांचा जीव जडला तर कागदाची इमारतही कायमची होते आणि निव्वळ नफ्यासाठी बांधलेली काँक्रीटची इमारतही तात्पुरतीच असते, असे बान सांगत आले आहेत.

आमच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रसंग भूजचा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर बान तेथे आले, तेव्हा कोबेची कृती जशीच्या तशी उतरविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. क्रेटी मिळेनात (आणि दारूबंदीच्या गुजरातेत त्या कोठून मिळाव्यात? हे सरहद्दीवरल्या आम्हा लोकांहून अधिक कोण जाणतो!), तेव्हा पडलेल्या इमारतींचाच राडारोडा जोत्यात घातला आणि वर मातीची जमीन केली. भिंती नळ्यांच्या, पण छपराला आढे अखंड बांबूचे, कमानी चिरलेल्या बांबूच्या, आणि स्थानिक विणकरांच्या दोन चटयांमध्ये ताडपत्रीचा एक थर. आढ्याखालच्या त्रिकोणी भागात चटईच राहू दिली. तिच्या बारीक छिद्रांतून वारा खेळता राही, घरात स्वयंपाक करता येई आणि चुलीचा धूर डासांना हुसकावून हळूहळू बाहेर पडे. पाड्यावरच्या घरातही कूड छपराला घट्ट भिडवीत नाहीत, आणि चुलीचा धूर कौलांच्या फटींतूनच वाट काढतो. टोकियोच्या वास्तुकाराने अभ्यासांती जे योजिले, ते इथल्या गृहिणीच्या नित्य व्यवहारातले आहे.

येथे एक आक्षेप नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. अशी घरे संख्येने थोडी असतात, आणि आपत्तीत बेघर झालेल्यांच्या संख्येपुढे ती नगण्यच ठरतात. नळीही शेवटी कारखान्यातून येते. बांबू रानातून येतो. ज्या मुलुखात बांबू आणि तो विणणारे हात दोन्ही आहेत, तेथे कागदाचे अनुकरण म्हणजे शुद्ध वेडेपणा ठरेल. बान यांच्याकडून घ्यावयाची ती त्यांची वृत्ती. जपानमधील २०११ च्या त्सुनामीनंतर व्यायामशाळांत दाटीवाटीने झोपणाऱ्या कुटुंबांना त्यांनी नळ्या व पांढरे कापड यांचे आडोसे देऊ केले. लोकांवर देखरेख ठेवणे कठीण जाईल या सबबीवर काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले, तरी बान एकामागून एक आश्रयस्थान पालथे घालीत राहिले. संकटग्रस्ताला नुसते छप्पर पुरत नाही, त्याला आबही हवी असते, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखविले. २०१४ मध्ये त्यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः या कामगिरीमुळे.

आपल्याकडेही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीत माणसे दगावली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचे ओझे अंगावर कोसळून. ती घरे गावात भक्कम म्हणून नावाजलेली होती. तरीही घरकुलाची तजवीज करताना आपण वजनालाच बळकटी समजत आलो, आणि कुडाचे घर पाडून त्या जागी पत्रा व सिमेंट आले की ‘पक्के’ असा शेरा मारून मोकळे होतो. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी कोणी बसू शकते काय, याची चौकशी कोणत्याही रकान्यात नसते.

म्हणून नाशिक-पुण्याच्या वास्तुकला विद्यालयांना एक विनंती. कुडाची घरे दरवर्षी उणावत आहेत, तेव्हा आपले विद्यार्थी एका हिवाळ्यात विसरवाडीच्या पाड्यांवर धाडावेत. मेढींचे अंतर, कामट्यांची विणाई, लिंपणाची जाडी, आढ्याची उंची यांची रीतसर मोजमापे घेऊन नकाशे काढवावेत. आणि नकाशाच्या कोपऱ्यात वास्तुकाराच्या नावासाठी जी जागा राखलेली असते, तेथे ज्याने ते घर बांधले त्याचे नाव घालावे.