खड्डा पावसाळ्याआधीच पडलेला असतो

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचे नाव येतेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यातले रस्ते पावसाने पार उखडले होते. त्या काळात महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असलेले श्रीकांत शिरोळे यांनी पुढाकार घेतला आणि मुंबईच्या ‘रेकॉन्डो’ कंपनीकडे या रस्त्याचे काम गेले. दोन पारशी भाऊ ती कंपनी चालवत. काम देताना त्यांच्याकडून दहा वर्षांची लेखी हमी घेतली होती. १९७६ च्या सुरुवातीला रस्ता पूर्ण झाला, १९८६ मध्ये हमीची मुदत संपली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्या रस्त्यावर खड्डा पडला नाही. त्याच शहरात, त्याच पावसात, त्याच काळ्या पाषाणाची खडी वापरून केलेले आजूबाजूचे रस्ते मात्र दर दोन-तीन वर्षांनी उकरले जात होते.

म्हणून “यंदा पाऊसच फार झाला हो” हे कारण मला पटत नाही. कोकणात पाऊस फार होतो हे काही यंदा कळलेले नाही. पाऊस किती पडतो, त्यावरून रस्त्याची जाडी, उतार आणि गटार ठरवायचे असते. खड्ड्याची सुरुवात पावसाळ्याच्या कितीतरी आधी, काम चालू असतानाच झालेली असते. जुलैत तो फक्त दिसू लागतो.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस उघडल्यावर ताज्या खड्ड्याच्या कडेचे चार खडे हातात घेऊन बघा. खडी धुतल्यासारखी स्वच्छ, उघडी निघाली, तर डांबर तिला सोडून गेले आहे. पाणी भेगेतून आत शिरते, वरून चाक गेले की ते दाबले जाते, चाक पुढे सरकले की पुन्हा ओढले जाते. दिवसभरात हजारो चाकांनी हेच केले, की खडी आणि डांबर यांची पकड सुटते. खडीवर मातकट भुकटीचा थर दिसला, तर ती न धुता, धुळीसकट वापरली असण्याची शक्यता मोठी. आणि कडेच्या थराची जाडी जेमतेम दोन बोटे भरली, तर ‘कारपेट’ म्हणून जे टाकले ते वरवरचेच होते. खड्डा पडण्याआधी त्या जागी मगरीच्या पाठीसारख्या बारीक भेगा उमटतात. त्याच वेळी त्या बुजवल्या, तर थोडक्यात भागते. पण भेगा कोणी मोजत नाही, कारण त्यांच्याबद्दल तक्रार येत नाही.

पाण्याचे गणित सोपे आहे. डांबरी रस्त्याचा मध्य उंच ठेवून दोन्ही बाजूंना साधारण दोन ते अडीच टक्के उतार द्यायचा असतो. म्हणजे सात मीटर रुंद रस्त्याचा मध्यभाग कडेपेक्षा सात ते नऊ सेंटीमीटर उंच हवा. पाणी उतरून साइडपट्टीवर आणि तिथून गटारात गेले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साइडपट्टीच रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, गटार गाळाने भरलेले असते किंवा त्यावर दुकानाची पायरी आलेली असते. दर वेळी जुना थर न खरवडता नवा थर चढवला, की रस्त्याची उंची वाढते आणि पाणी लोकांच्या घरात शिरते. मग लोक रस्त्याच्या कडेला बांध घालतात आणि पाणी रस्त्यावरच थांबते. उभ्या पाण्यात टिकेल असा डांबरी रस्ता अजून कोणी बांधलेला नाही.

डांबर टाकण्याचे कामही घाईचे असते, आणि ती घाई योग्य कारणासाठी हवी. प्लँटमधून मिश्रण निघते तेव्हा त्याचे तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. डंपरवर ताडपत्री घालून ते लवकर जागेवर आणायचे, पसरायचे आणि शंभर-नव्वद अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरने दाबून घ्यायचे. डंपर वाहतुकीत दोन तास अडकला, ताडपत्री नव्हती, रात्री गार वारा सुटला, की मिश्रण थंडावते. मग रोलर कितीही फिरवा, आत पोकळी राहते आणि पहिल्या पावसाचे पाणी नेमके तिथे शिरते. कामावर एक साधा तापमापक असला तरी हे टळते. मात्र तो खिशातून काढून मिश्रणात खुपसणारा माणूस रात्री दोन वाजता तिथे हजर असावा लागतो.

मराठवाडा-विदर्भात आणखी एक शत्रू पायाखाली आहे. कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ती काढून किंवा तिच्यावर मुरमाचा पुरेसा जाड भराव घालून रस्ता केला नाही, तर वरचा थर कितीही चांगला असो, तो लाटांसारखा वरखाली होतोच. भरावातले पैसे वाचवणे सगळ्यात सोपे, कारण भराव नंतर कोणाला दिसत नाही.

त्यात वजनाची भर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरवून एक चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: आसावरचे वजन वाढले की रस्त्याचे नुकसान त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन वीस टक्के जास्त झाले तर नुकसान दुप्पट, दीडपट झाले तर पाचपट. भारतात २०१८ साली एका आसावरची कायदेशीर मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. गाळप हंगामातले उसाचे ट्रक आणि रात्री धावणारे वाळूचे डंपर ही मर्यादा किती पाळतात, हे गावोगावचे लोक जाणतात. जिल्हा परिषदेचा रस्ता त्या वजनासाठी बांधलेलाच नसतो.

शहरात रस्त्याला चर मारतात. पाण्याची लाइन, गॅस, वीज, इंटरनेटची केबल, प्रत्येकाचा वेगळा चर. तो बुजवताना माती थराथराने दाबली नाही, की महिनाभरात खचते आणि नव्या कोऱ्या रस्त्यावर सरळ रेषेत खड्ड्यांची माळ लागते. काँक्रीटचा रस्ता केला तरी त्याखालून वाहिन्यांसाठी नळ्या ठेवल्या नाहीत, तर तोही फोडावा लागणारच.

आपल्याकडे यावर एक देशी उपाय होता. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे मैलकुली असत. ठरावीक लांबीचा रस्ता एका माणसाच्या हवाली. पावसाआधी गटारे मोकळी करणे, साइडपट्टी छाटणे, झुडपे तोडणे, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढणे, लहान खळगा दिसला की त्याच दिवशी तो भरून टाकणे. त्या माणसाला आपल्या रस्त्यावर पाणी कुठे साचते हे तोंडपाठ असे. निवृत्तीनंतर या जागा रिकाम्या राहत गेल्या आणि देखभाल म्हणजे निविदा असे समीकरण झाले. माझ्या मते रस्त्यांच्या दुर्दशेत या एका बदलाचा वाटा फार मोठा आहे. तीन हजार रुपयांचे काम वेळेवर न केल्याने तीस लाखांचे करावे लागते.

खड्डा बुजवण्याचीही रीत आहे. खड्ड्याभोवतीचा कमकुवत भाग चौकोनी कापायचा, कडा उभ्या करायच्या, पाणी आणि माती काढून जागा कोरडी करायची, डांबराचा पातळ हात द्यायचा, मग थराथराने भरून दाबायचे. प्रत्यक्षात साचलेल्या पाण्यात मुरूम, विटांचे तुकडे किंवा पेव्हर ब्लॉक टाकतात. दुचाकीचे चाक सुट्या ब्लॉकवर चढले की काय होते, हे सांगायला नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत देशात २०२२ मध्ये १,८५६ आणि २०२३ मध्ये २,१६१ माणसे मेली. मुंबईचे दादाराव बिल्होरे यांचा मुलगा प्रकाश २०१५ च्या जुलैमध्ये असाच गेला. तेव्हापासून हा बाप स्वतः शहरातले खड्डे भरत आला आहे. त्यांच्याबद्दल आपल्याला आदर वाटतो, तसाच संतापही यायला हवा. रस्त्यासाठी पैसे आपण भरतोच. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी वापरावा, अशी शिफारस केली आणि १९२९ मध्ये तसा निधी उभा राहिला. आजही पेट्रोल-डिझेलच्या दरात रस्त्यांसाठीचा अधिभार असतो. तरीही मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण एकामागून एक मुदती ओलांडत गेले आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी दर वर्षी त्याच खड्ड्यांतून गेला.

कायदा मात्र आता आपल्या बाजूने बराच पुढे आला आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली, रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ही रक्कम दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल करायची आहे. भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिवही असतात. आपल्या ओळखीत असा अपघात झाला असेल, तर त्या घरापर्यंत ही माहिती जरूर पोचवा.

आणि आणखी एक विनंती. दिवाळीनंतर रस्त्यांच्या कामांचा हंगाम सुरू होतो. आपल्या भागात काम निघाले, की माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधीची तारीख मागा. त्या तारखेच्या आत पडलेला खड्डा कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने भरायचा असतो. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही आहे, तो फार थोडे लोक वापरतात. सोसायटीतले, आळीतले चौघे मिळून जा, आणि काम चालू असतानाच जा. वर डांबर पडले की खालचे काही दिसत नाही.