चर्चमागचा ओटा

यंदा मे महिन्यात चर्चमागच्या ओट्यावर पुन्हा गोधडी अंथरली. शिवायला आम्ही पाचजणी होतो. याच ओट्यावर एका वेळी चार गोधड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ते साल 1973. बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा, आणि मी आठ वर्षांची.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे.) त्या वर्षी गावातली जवळजवळ सगळी घरं दुष्काळी कामावर होती. दिवसभर खडी फोडायची, दुपारी तिथं वाटलेली सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायची. रेशनवर मिलो मिळायची. तिच्या लाल भाकरीला घरच्या ज्वारीची चव नव्हती, पण ती होती म्हणून आम्ही जगलो. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं, आणि त्या दिवशी बायका ओट्यावर जमायच्या. पाळकबाईंनी प्रत्येक घरातून एकेक जुनं वस्त्र मागितलं होतं. ज्यांनी भांडीकुंडीसुद्धा विकली होती, अशा घरांसाठी गोधड्या शिवायच्या होत्या. स्वतःच्या अंगावर धड लुगडं नसलेल्या बाईनेही काहीतरी आणलंच. कुणी धोतराचा अर्धा तुकडा, कुणी सदऱ्याची नुसती पाठ.

गोधडी कशी घालतात हे मी तिथंच शिकले. लुगडी आधी धुऊन, उसवून सरळ करायची. त्यातलं सगळ्यात दणकट खाली. त्यावर चादरी, धोतरं, परकराचे घेर असे थर लावायचे. मध्ये एकही सुरकुती राहता कामा नये, म्हणून तळहाताने कडेकडे ओढत जायचं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. आमच्याकडे एका कोपऱ्याला कायम आजीचा वरवंटा असे. वर शेवटी काठ दिसेल असं चांगलं लुगडं. मग कडा आत दुमडून धावदोरा घालायला सुरुवात. कडेने पूर्ण चौकट झाली की बोटभर आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत मध्यावर पोचायचं. चौघी चार बाजूंना बसत. मधोमध आल्या की गुडघ्याला गुडघे लागत. माझ्याकडे सुईत दोरा ओवायचं काम होतं, कारण डोळे लहान पोरींचेच चांगले. एकदा मी गाठ वरच ठेवली, तर आजीने तो दोरा उसवून परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "गाठ आतल्या थरात दडव, पोरी. लेकराच्या अंगाला टोचंल."

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. सिंथिया फॅरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेचं नाव सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या चरित्रात येतं. मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवणकाम शिकवत, हे खरं. त्यामुळे बाहेरून येणारी पुष्कळ माणसं समजतात की आमच्या बायकांची गोधडीही मडमांनी दिलेली. तसं अजिबात नाही. गोधडी आमच्या बायकांनी आपापल्या वस्तीतून, आपापल्या सासरमाहेरातून चर्चमध्ये आणली. इथली बहुतेक घरं महार-मांग वस्त्यांतून आलेली, थोडी इतर जातींतली. प्रत्येकीचा टाका वेगळा, प्रत्येकीची कोपरा दुमडायची रीत वेगळी. एकाच गोधडीवर त्या सगळ्या बसल्या आणि एकमेकींच्या हातचं पाणी प्यायल्या. ख्रिस्ती झालो म्हणजे काय झालं, हे माझ्या आजीला प्रवचनापेक्षा तिथं जास्त उमगलं असावं.

ते सोपं नव्हतं, हे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली की कळतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही त्या आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवत होत्या. धर्म बदलण्याआधी त्यांनी ते सोवळं सोडलं. पुढे नगरला त्यांच्या घरात किती पोरक्या मुलांची पानं मांडली गेली! आमच्या घरी पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' यांच्या शेजारी हे पुस्तक असायचं. आई संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेनंतर त्यातलं एखादं पान मोठ्याने वाचायची. ओट्यावर शिवताना बायका टिळकांची भजनं म्हणायच्या. ती ओवी-अभंगांच्या चालीवरची, त्यामुळे नव्याने आलेल्या सुनेलाही शिकवावी लागत नसत.

ओट्यावर आणखी एक काम चाले, ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नसे. कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, कोण बाळंतपणाला आली आहे, कुणाचा नवरा पिऊन पडला आहे, हे सगळं तिथं कळायचं. दर घरी पीठ मळायला घेताना मूठभर पीठ डब्यात वेगळं काढत. ते रविवारी एकत्र करून गरजेच्या घरी जाई, आणि कुठून आलं हे त्या घराला सांगायचं नाही असा दंडक होता.

आमच्या घरच्या चुलीवरचं एक जेवण मला अजून जिभेवर आठवतं. पावसाळ्यातला रविवार, उपासना सुटली की घरी शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं. तळहातावर तेल लावून वळ्या करायच्या आणि त्यांचं गोल वेटोळं फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. शेंगोळे शिजता शिजता पाणी आपोआप दाट होतं. आई त्यात पळी घालायची नाही, मोडतात म्हणून, पातेलंच हलवायची. सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. पाहुणा आला तर चार वळ्या वाढवायच्या आणि पाणी थोडं जास्त ओतायचं.

नाताळचा फराळ मात्र एकटीने कुणी करत नसे. आज तुमच्याकडे करंज्या, उद्या आमच्याकडे चकल्या, अशी पाळी लागे. रवा, साखर, तूप घेऊन नानकटाई भाजायला तालुक्याच्या बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. शेजारच्या घरांतून दिवाळीला आलेली ताटं आम्ही जपून ठेवत असू, नाताळला ती भरून परत जात. हा रिवाज अजून टिकून आहे.

गोधडी मात्र हळूहळू गेली. त्याचं कारण मला तरी कापडात दिसतं. ऐंशीच्या दशकात आमच्या आयांनी नऊवारी सोडली आणि सुताच्या जागी नायलॉन, टेरिलीन आलं. ते कापड सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही, थरात बसत नाही. उरलेली सुती लुगडी बोहारणीच्या गाठोड्यात गेली, त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले. दुकानात गुबगुबीत ब्लँकेट मिळू लागलं. मुली शिकल्या, नगर-पुण्याला नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. त्यांनी ओट्यावर बसायला हवं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. आईने त्यांच्यासाठीच तर हात झिजवले. पण एकमेकींची खबर घ्यायची ती जागा गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी आम्ही केली नाही. हे आमचं चुकलं. काही वर्षांपूर्वी गाड्या लावायला ओटा पाडायचं घाटत होतं. तेव्हा आम्ही सात बायका तिथं जाऊन बसलो, एवढंच. ओटा वाचला.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिची तीन लुगडी मी कपाटात ठेवली होती: एक हिरवं, एक जांभळं, एक इतकं विरलेलं की रंग सांगता येत नाही. यंदा शिवली ती गोधडी त्यांचीच. विरलेलं मध्ये घातलं. दुपटंही काढलं एक, भाचीच्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी. दोरे ओवायला तिसरीतली एक मुलगी येऊन बसली होती. तिला गाठ दडवायला मी शिकवलं.

पुढच्या मे महिन्यात दोन गोधड्या घालायच्या ठरल्या आहेत, गावातल्या दोन एकट्या म्हाताऱ्यांसाठी. कापड कमी पडतंय. तुमच्या घरी आईचं, आजीचं सुती लुगडं घडी घालून पडलं असेल, तर ते बोहारणीला देऊ नका. जवळपासच्या चार बायका जमवा आणि तुमच्याच ओट्यावर अंथरा.