मतदानाच्या आदल्या रात्रीचा मेसेज आणि कायदा

निवडणूक आली की वस्तीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘आपल्या उमेदवाराने माघार घेतली, अमक्याला पाठिंबा दिला.’ खाली कुणाचे नाव नसते. खुलासा येईपर्यंत मतदान उरकलेले असते. मग लोक आम्हाला विचारतात, “याला काही कायदा आहे की नाही?” आहे. पण तो कुठपर्यंत पोहोचतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

नियम काय सांगतात?

आचारसंहिता सोशल मीडियालाही लागू आहे, असे निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबतच्या शपथपत्रात (नमुना २६) आपली सोशल मीडिया खाती जाहीर करावी लागतात. पैसे देऊन केलेली जाहिरात आधी माध्यम प्रमाणीकरण समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. कंपनीला दिलेले पैसे, व्हिडिओ बनवण्याचा खर्च आणि खाती सांभाळणाऱ्या मुलांचा पगारही उमेदवाराच्या खर्चात धरला जातो. महाराष्ट्रात ही खर्चमर्यादा २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख, तर विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे.

लोकप्रतिनिधी कायदा, १९५१ चे कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा आणि टीव्ही वा तशा साधनांवरील प्रचाराला मनाई करते. कलम १२३(४) नुसार, एखाद्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा माघारीबद्दल उमेदवाराने वा त्याच्या संमतीने जाणूनबुजून खोटी माहिती पसरवणे हा भ्रष्टाचार ठरतो.

पळवाट कुठे आहे?

स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट जाहिरात मानली जात नाही, म्हणून तिला पूर्वमंजुरी लागत नाही. कंपन्यांनी २०१९ मध्ये आयोगाने कळवलेला मजकूर तीन तासांत काढण्याचे मान्य केले, पण ती स्वेच्छेने स्वीकारलेली संहिता आहे. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांनाही बनावट मजकूर लक्षात येताच तीन तासांत हटवायला सांगितले. मात्र बंद ग्रुपमधला निनावी फॉरवर्ड यातल्या कोणत्याच चाळणीतून जात नाही. कलम १२३(४) साठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते आणि उमेदवाराची संमती होती हे सिद्धही करावे लागते. तोवर निवडून आलेला माणूस खुर्चीत बसलेला असतो.

याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. पैसेवाल्या उमेदवाराकडे खुलासा पसरवायला यंत्रणा असते. वर्गणी काढून उभ्या राहिलेल्या आपल्या कार्यकर्त्याकडे ती नसते.

आपण काय करायचे?

असा मेसेज आला की स्क्रीनशॉट घ्या आणि पाठवणाऱ्याचा नंबर व वेळ जपून ठेवा. उमेदवाराच्या जाहीर केलेल्या खात्यावर जाऊन खात्री करा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९५० ही मदतवाहिनीही आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात प्रत्येक मताला समान मूल्य मिळेल, पण समाजात विषमता कायम राहील. ते समान मूल्य एका फॉरवर्डने घालवू नका. पंचशीलातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि खोटे पुढे ढकलणे हेही त्यातच येते, असे आम्ही मानतो. खात्री नसेल तर तो मेसेज आपल्याच फोनवर थांबवा.

जय भीम!