पॉवर स्टिअरिंग : दगा देण्यापूर्वीची लक्षणे ओळखा

अरुंद पार्किंगमध्ये एका हाताने सहज गाडी वळवणाऱ्या आजच्या चालकाला पॉवर स्टिअरिंगचे अस्तित्व सहसा जाणवतही नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० चालवलेल्या पिढीला मात्र उभी गाडी वळवताना दंडांवर येणारा ताण आजही आठवत असेल. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे आणि ब्रेक तपासून घेणारे वाहनमालकही स्टिअरिंगकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक ही यंत्रणा बहुतेक वेळा बिघडण्यापूर्वी सूचना देत असते. ती ओळखली, तर किरकोळ खर्चात काम भागते आणि ऐन वळणावर स्टिअरिंग जड होण्याचा धोकाही टळतो.

यंत्रणा कोणती, हे आधी पाहा

पॉवर स्टिअरिंगचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. हायड्रॉलिक प्रकारात इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप ऑइलवर दाब निर्माण करतो आणि तो दाब पुढची चाके वळवण्यास साहाय्य करतो. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये आपल्या इम्पीरियल या मोटारीत ही सोय ग्राहकांना उपलब्ध करून दिली. इलेक्ट्रिक प्रकारात ऑइल नसते. स्टिअरिंगवर पडणारा जोर सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात विजेची मोटार साहाय्य करते. जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत १९८८ मध्ये ती आली. आजच्या बहुतेक नव्या छोट्या मोटारींत हाच प्रकार आढळतो. काही गाड्यांत मात्र ऑइलचा पंप बेल्टऐवजी विजेवर चालतो.

बॉनेट उघडल्यावर झाकणावर स्टिअरिंगचे चिन्ह असलेली छोटी टाकी दिसली, तर गाडीत ऑइलवर चालणारी यंत्रणा आहे, असे समजावे. खात्री करण्यासाठी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पाहावी.

ऑइलची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. टाकीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर किमान आणि कमाल पातळीच्या खुणा असतात. काही गाड्यांत थंड आणि तापलेल्या ऑइलसाठी वेगळ्या खुणा असतात. त्यानुसारच पातळी वाचावी. झाकण उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ पुसून घ्यावी, कारण या यंत्रणेत शिरलेला बारीकसा कणही झडपा आणि सील खराब करू शकतो.

पातळीइतकेच ऑइलचे रूप महत्त्वाचे असते. काळपट रंग आणि जळकट वास ही ऑइल जुने झाल्याची खूण आहे. फेस दिसल्यास यंत्रणेत हवा शिरलेली असते, तर धातूचा चुरा दिसल्यास आतील भाग झिजत असतात. भर घालताना पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल वापरावे. केवळ रंग सारखा दिसतो म्हणून दुसरे ऑइल ओतू नये. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

‘टॉप-अप’ हा उपाय नव्हे

सर्वाधिक नुकसान होते ते येथेच. ही यंत्रणा बंदिस्त असते आणि त्यातील ऑइल इंजिन ऑइलप्रमाणे जळत नाही. त्यामुळे पातळी वारंवार कमी होत असेल, तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे. तरीही प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी थोडे ऑइल ओतून वेळ मारून नेली जाते. रबरी नळ्यांचे जोड, पंपाचे सील आणि रॅकच्या दोन्ही टोकांची घडीदार रबरी कव्हरे या गळतीच्या नेहमीच्या जागा आहेत. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवल्यास सकाळी डाग पाहून गळतीचा अंदाज येतो. ऑइल कमी पडले की पंप कोरडा चालतो, झिजतो आणि त्याचा चुरा रॅकपर्यंत पोहोचतो. मग एका नळीचे काम पंप आणि रॅक बदलण्यापर्यंत जाते. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल ठिबकत राहिल्यास आग लागण्याचाही धोका संभवतो.

आवाजावरूनही दोष ओळखता येतो. वळवताना घरघर वाढत असेल, तर ऑइल कमी असण्याची किंवा त्यात हवा असण्याची शक्यता असते. चिरकणारा आवाज बहुधा सैल वा झिजलेल्या बेल्टचा असतो. खड्ड्यांतून जाताना खडखड होत असेल, तर टाय रॉड आणि सस्पेन्शन तपासावे. स्टिअरिंग जड वाटताच मोठी दुरुस्ती काढण्याआधी टायरमधील हवा मात्र जरूर पाहावी. तसेच चाक पूर्ण वळवून काही सेकंदांहून अधिक काळ दाबून धरू नये. त्याने ऑइल तापते आणि पंपावर ताण येतो.

इलेक्ट्रिक प्रकारात

येथे ऑइलची चिंता नसली, तरी बॅटरी आणि वायरिंगची असते. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर लागणारा स्टिअरिंगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो पेटताच राहिला, तर प्रथम बॅटरी आणि तिचे जोड तपासावेत. नंतर संगणकाद्वारे दोष शोधून घ्यावा. उभ्या गाडीत चाक वारंवार वळवल्यास मोटार तापून साहाय्य तात्पुरते कमी होऊ शकते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर दिवा लागल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.

चालताना साहाय्य बंद पडले तर

अशा वेळी घाबरून जाऊ नये. स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक जोड कायम असतो. गाडी वळते, फक्त जोर जास्त लागतो. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी कडेला घ्यावी. सोबत बॅटरीचा दिवा लागला असेल, तर बेल्ट तुटलेला असू शकतो. अनेक इंजिनांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो, म्हणून इंजिन तापण्याआधी बंद करावे.

कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय याच कारणाने घातक ठरते. स्टिअरिंगचे साहाय्य जाते, काही वेळा ब्रेक दाबल्यावर त्यांचेही साहाय्य संपते आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. वाचलेल्या थेंबभर इंधनाची किंमत एवढी मोजणे शहाणपणाचे नाही. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून टाकी, बेल्ट आणि नळ्यांवर नजर टाकण्यास मात्र जेमतेम पाच मिनिटे लागतात.